फुफूला दोन माणसं लागतात

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय सुचवला होता, 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स आणि आपण'. मी आयटीत आहे म्हटल्यावर ते साहजिकच होतं. पण कार्यक्रमपत्रिका पाहिली तर माझं भाषण जेवणाच्या बरोबर आधी. भुकेल्या माणसांना तंत्रज्ञान ऐकवणं हा छळ आहे आणि आपल्यातले निम्मे लोक तो रोज ऑफिसात सोसतात. म्हणून मी विषय बदलून मागितला. मी आज फुफूबद्दल बोलणार आहे. मागच्या रांगेने हसून घ्यावं, मी थांबते. झालं? फुफू हा घाना देशातला जेवणाचा पदार्थ आहे. आपल्याकडे भाकरी, तसा तिकडे फुफू.

घानाबद्दल आपल्याला शाळेत एकच गोष्ट माहीत होती. भूगोलाच्या पेपरात 'जोड्या लावा' यायचं, डावीकडे घाना, उजवीकडे कोको. रेघ मारली की गुण मिळाला. सर, तो गुण मी मिळवला होता. पुढे २०१३ ते २०१६ अशी तीन वर्षं नोकरीनिमित्त मी घानाच्या राजधानीत, अक्राला राहिले. कोको ते लोक पिकवतात आणि जहाजात भरून बाहेर पाठवतात. घरी जेवायला मात्र वेगळंच असतं.

मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या व्यवस्थेच्या सॉफ्टवेअरवर मी तिथे काम करत होते. आपल्याकडे यूपीआय आलं २०१६ साली. त्याच्या कितीतरी आधी अक्राच्या बाजारातली टोमॅटोवाली साध्या फोनवर पैसे घेत होती. तेव्हा 'आफ्रिकेला जाऊन तू त्यांना काय शिकवणार' असं मला इथे ज्यांनी विचारलं होतं, त्यांना हे सांगून ठेवते. एका बाबतीत मात्र अक्रा अगदी आपल्या गावासारखं होतं. त्या वर्षांत तिथे विजेची फार टंचाई होती. लोकांनी तिला नाव ठेवलं होतं 'डुमसोर'. तिथल्या भाषेत डुम म्हणजे विझव आणि सो म्हणजे पेटव. लोडशेडिंगमध्ये कंदिलाखाली दहावीचा अभ्यास केलेल्या माणसाला असल्या गोष्टीचं काय भय?

मी एका बैठ्या घराच्या वर बांधलेल्या दोन खोल्यांत राहायचे. खाली घरमालकीण. वय सत्तरीच्या पुढे, प्राथमिक शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, मूळच्या कुमासीकडच्या, अशांती. मी त्यांना आंटी म्हणायचे, तिकडे तसंच म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला जन्मवार विचारला. अकान लोकांत जन्मवारावरून नाव पडतं. मी गुरुवारची. गुरुवारच्या मुलीचं नाव 'या'. १९०० साली इंग्रजांविरुद्ध अशांतींच्या लढ्याचं नेतृत्व करणारी या असांतेवा, तिच्यातलं 'या'. झालं, मी 'या' झाले. त्यामुळे खालून आंटींनी 'या!' अशी हाक मारली की माझ्या मराठी कानाला ते आमंत्रणच वाटायचं. गंमत म्हणजे बऱ्याचदा ते आमंत्रणच असायचं. तिकडे कुणी जेवत असताना दुसरं माणूस आलं तर जेवणारा म्हणतो, 'यू आर इन्व्हायटेड'. आपण 'या जेवायला' म्हणतो, अगदी तसंच. आपल्यासारखंच समोरच्याने 'तुमचं होऊ द्या' म्हणायचं असतं, आणि आपल्यासारखंच काही जण खरंच बसतात.

आता फुफू म्हणजे काय ते सांगते. कसावा नावाचा कंद आणि भाजीचं कच्चं मोठं केळं, ज्याला प्लँटेन म्हणतात, हे दोन्ही सोलून उकडायचं. उकडलेलं गरम असतानाच लाकडाच्या उखळीत कुटायचं. कुटता कुटता त्याचा गुळगुळीत, लवचीक, चकचकीत गोळा होतो. तो खोलगट वाडग्यात ठेवायचा, वरून तिखट रस्सा ओतायचा, रश्शात मटण नाहीतर मासा. उजव्या हाताच्या बोटांनी गोळ्याचा लचका तोडायचा, रश्शात बुडवायचा आणि गिळायचा. चावायचा नाही. नायजेरियातही फुफू म्हणतात, पण तो आंबवलेल्या कसाव्याचा, चवीला आंबूस. तिथे सुरणासारखा मोठा याम नावाचा कंद कुटूनही असाच गोळा करतात, योरुबा लोक त्याला इयान म्हणतात. मी सांगतेय तो घानाचा, अकान लोकांचा. अक्रा मुळात गा लोकांचं शहर, त्यांचं खाणं केंके आणि बांकू, दोन्ही आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे. अशांती माणसाला मात्र दिवसभरात काहीही खाऊ घाला, फुफू नसेल तर तो म्हणणार, आज जेवण झालं नाही.

चावायचं नाही म्हटल्यावर इथल्या काहींनी तोंड वेडंवाकडं केलेलं मला दिसलं. तुमच्यापैकी जे बंगळुरूला नोकरी करतात त्यांनी इतरांना सांगा, कर्नाटकात नाचणीचा मुद्दे सुद्धा असाच सारात बुडवून गिळतात. चव सगळी रश्शाची असते आणि पोट भरायचं काम गोळ्याचं. २०२१ साली इंटरनेटवर एक टूम निघाली होती, फुफू आयुष्यात पहिल्यांदा मागवायचा, कॅमेऱ्यासमोर तोंडात घालून चावायचा, आणि थुंकून टाकायचा. लाखो लोकांनी ते पाहिलं. मला ते बघून फार राग आला. आपली पुरणपोळी कुणी अशी थुंकली असती तर?

उकडलेला कंद कुटल्यावर त्याचा रबरासारखा गोळा का होतो, हे मला इंजिनिअर म्हणून छळत होतं. आपल्या विज्ञानाच्या बाई समोर बसल्यात, त्यांनी चूक काढावी. कंदात पिष्टमय पदार्थाचे कण असतात, म्हणजे स्टार्च. पाण्यात उकडलं की ते कण फुगतात आणि खळीसारखे होतात, पण असतात कंदाच्या पेशींमध्येच कोंडलेले. तेवढ्यावर थांबलात तर तो उकडलेला बटाटा, कुस्करला की मोकळा होणारा. कुटल्यावर पेशी फुटतात, आतली खळ बाहेर येते आणि एकमेकींना धरते. म्हणूनच बटाट्याची भाजी जास्त घोटली की चिकट होते. आपण जो दोष म्हणून टाळतो, त्यालाच त्यांनी पदार्थ केला. केळं त्यात रंग आणतं आणि नुसत्या कसाव्याचा अती ताणलेपणा कमी करतं.

आणि उखळ. त्याला तिकडे वादुरो म्हणतात. आपल्या उखळीपेक्षा रुंद आणि उथळ. आपली उखळ धान्य कांडायला, तिथे हात घालायची गरज नाही. त्यांच्या उखळीत हात जायला जागा लागते, कारण एक माणूस कुटतं आणि दुसरं माणूस बसून गोळा उलटतं. मुसळ, त्याला म्हणतात वोमा, माणसाच्या उंचीचं किंवा त्याहून लांब. वापरून वापरून त्याच्या खालच्या टोकाचे तंतू सुटतात, कुंचल्यासारखे होतात. नवं, धारदार कडेचं मुसळ चांगलं नाही, गोळा कापला जातो. मुसळ वर गेलं की बसलेल्याने हात आत घालायचा, गोळा दुमडायचा, हात बाहेर काढायचा. मुसळ खाली. सेकंदाला साधारण एक घाव. मधूनमधून बसलेलं माणूस वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवून गोळ्याला पाणी लावतं. हे पंधरा-वीस मिनिटं सलग. दुपार कलली की गल्लीत दोन-तीन घरांतून तो आवाज यायचा, धप, धप, धप, आणि प्रत्येक घराचा ताल वेगळा.

आमच्या अंगणातून मात्र तो आवाज येत नसे.

आंटींचं उखळ होतं. अंगणाच्या कोपऱ्यात उपडं घातलेलं आणि त्यावर कोरफडीची कुंडी. त्यांची मुलगी लंडनला, मुलगा टोरांटोला. यजमान जाऊन चार वर्षं झालेली. घरात कामाला राहणारी एक मुलगी होती, ती शिवणकाम शिकायला गेली. मी एकदा सहज विचारलं, आंटी, तुम्ही अशांती असून तुमच्याकडे फुफू कधी होत नाही? त्या म्हणाल्या, "एकट्या माणसाला भात करता येतो. फुफूला दोन माणसं लागतात." आणि टीव्ही लावला.

मी दोन-तीन दिवस तो विषय काढला नाही. शनिवारी सकाळी खाली जाऊन कुंडी उचलून बाजूला ठेवली आणि म्हटलं, मला कुटायला शिकवा. त्या बराच वेळ माझ्या दंडांकडे बघत राहिल्या. लॅपटॉपवर पोसलेले दंड, त्यात काय बघण्यासारखं होतं? मग म्हणाल्या, उखळ सुकलंय, आधी रात्रभर पाणी घालून ठेवावं लागेल. म्हणजे उद्या. रविवार.

रविवारी त्यांनी कसावा सोलायला घेतला. वरची तपकिरी साल आणि तिच्याखालची जाड साल, दोन्ही काढायच्या. मधोमध दोरीसारखा शीर असतो, तोही काढायचा. कसावा कच्चा खायचा नसतो, त्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, कडू जातीत जास्त. गोड्या जातीचा सोलून नीट शिजवला की काही होत नाही. केळ्यांची सालं सुरीने चिरून काढली. दोन्ही एकाच पातेल्यात उकडलं. आधी केळं कुटून बाजूला ठेवायचं, मग कसावा, आणि शेवटी दोन्ही एकत्र.

मी मुसळ धरलं आणि आंटी बुटक्या स्टुलावर उखळीशी बसल्या. आता तुम्ही डोळ्यांसमोर आणा. मी उभी, हातात तीन-चार किलोचं लाकूड. खाली सत्तरी उलटलेल्या बाईंचा हात, बोटांत लग्नाची अंगठी. माझ्या हातून मुसळ खालीच जाईना. त्या वर न बघता म्हणाल्या, "माझ्या हाताकडे बघू नकोस. उखळीच्या मध्यावर बघ. हात माझा आहे, तो मी सांभाळते. तू ताल बदलू नकोस, एवढंच तुझं काम."

आमच्या धंद्यात याच अडचणीवर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. दोन प्रोग्रॅमनी एकाच जागी एकाच वेळी हात घालू नये म्हणून आम्ही लॉक लावतो, पाळी ठरवतो, एकाचं होईपर्यंत दुसऱ्याला थांबवतो. आंटींकडे लॉक नव्हतं. मी किती वेळाने खाली येणार हे त्यांना माझ्या श्वासावरून कळत होतं. त्या गुणगुणत नव्हत्या, मोजत नव्हत्या. मध्येच त्यांनी शेजारणीशी कुंपणावरून गप्पाही मारल्या, हात चालू ठेवून. मी मात्र मनातल्या मनात आपल्या पीटीच्या सरांच्या आवाजात एक-दोन, एक-दोन म्हणत होते. सर, तुमची कवायत अक्रात उपयोगी पडली.

त्या दिवशीचा फुफू काही फार चांगला झाला नव्हता, मधे गुठळ्या होत्या. तिकडे गुठळ्या असलेला फुफू पाहुण्याला वाढणं म्हणजे आपल्याकडे कच्ची भाकरी वाढण्यासारखं. आंटींनी पूर्ण वाडगा संपवला. मग हात धुऊन त्या बराच वेळ अंगणातच बसून राहिल्या. त्यानंतर मी अक्रात होते तोवर दर रविवारी आम्ही फुफू केला. एखादा रविवार चुकला असेल तो मी आजारी होते म्हणून.

रश्शाबद्दल बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही, कारण अर्धी करामत तिथे आहे. आम्ही करायचो तो लाइट सूप. नाव ऐकून पचायला हलकं वाटेल, पण हलकेपणा फक्त पातळपणाचा. तिखट इतकं की आपल्या कोल्हापूरच्या मैत्रिणीलाही रुमाल काढावा लागेल. शेळीचं मटण आलं, कांदा, मीठ घालून स्वतःच्याच पाण्यात वाफवायचं. मग पाणी घालून त्यातच आख्खे टोमॅटो, आख्खा कांदा, आख्ख्या मिरच्या आणि छोटी पांढरी वांगी सोडायची. ती शिजली की बाहेर काढायची. मातीचं एक खोलगट भांडं असतं, असांका, आतून रेघा पाडलेलं, आणि त्यात फिरवायला मधे बारीक असलेला लाकडी बत्ता. त्यात हे सगळं वाटायचं, गाळून परत रश्शात घालायचं, आणि उकळू द्यायचं. फोडणी नाही, तेल जवळजवळ नाही. रंग तरीही तर्रीसारखा येतो, तो टोमॅटो आणि मिरचीचा. प्रेकेसे नावाची एक सुवासिक, चार पाख्यांची शेंग आंटी तोडून टाकायच्या, बाळंतिणीला ती चांगली म्हणतात. आपल्या घरी बाळंतिणीला डिंक-हळीव, तशातली गोष्ट. कधी शेंगदाण्याच्या कुटाचा सूप करायचा, न्काटेन्क्वान. तो पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मला आपल्या दाण्याच्या आमटीची इतकी आठवण आली की मी वरीचे तांदूळ शोधले.

आता तुमची एक परीक्षा. तुमच्यापैकी किती जणांनी कसावा खाल्लाय? हात वर करा. तिघेच? बरं, आता आषाढीला साबुदाण्याची खिचडी किती जणांनी खाल्ली? सगळ्यांनी. साबुदाणा हा कसाव्याच्या स्टार्चचाच करतात, तमिळनाडूत सेलमच्या बाजूला त्याचे कारखाने आहेत. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेला. शेंगदाणा, मिरची, बटाटा हेही सगळे अमेरिकेतून आलेले. म्हणजे आपल्या साबुदाण्याच्या खिचडीत जुनं म्हणावं असं जिरं आणि तूप. आंटींना मी एकदा भारतातून नेलेल्या साबुदाण्याची खिचडी करून घातली आणि सांगितलं, हे आम्ही देवासाठी उपाशी राहतो तेव्हा खातो. त्या म्हणाल्या, हे खाऊन उपास? मग आमचा रोजच उपास.

तुमच्यापैकी कुणीतरी मनात म्हणत असेल, तू इंजिनिअर ना, मग यंत्र का नाही आणलंस? यंत्रं आहेत. घानात फुफू कुटायची विजेवरची यंत्रं खाणावळींत असतात, मोहल्ल्यातही असतात, आपल्या पिठाच्या गिरणीसारखी. उकडलेला कसावा घेऊन जायचं, गोळा करून आणायचा. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक होतं. डुमसोरमध्ये ते बंद असायचं ते सोडा. आणि पीठही मिळतं, खोक्यात, गरम पाण्यात घोटलं की दहा मिनिटांत फुफू. लंडन-टोरांटोत आंटींची मुलं तेच खातात, आंटींनाही त्यांनी खोके पाठवले होते. माझ्या पुण्याच्या घरात आजही एक खोका आहे.

जुनं ते सोनं असं म्हणायला मी उभी राहिलेली नाही. माझ्या आजीने चाळीस वर्षं जात्यावर दळलं आणि तिच्या तोंडून जात्याचं कौतुक मी एकदाही ऐकलं नाही. गावात गिरणी आली त्या दिवशी तिने गिरणीवाल्याला नारळ दिला होता. जात्यावरच्या ओव्या सुंदर होत्या हे आपण म्हणतो, कारण आपल्याला दळायचं नसतं. फुफूचंही तेच. घरोघरी कुटायचं काम मुलींच्या नाहीतर कामाला ठेवलेल्या पोरींच्या वाट्याला जातं. आंटींकडची ती मुलगी शिवण शिकायला गेली हे उत्तम झालं, आंटींनाही तसंच वाटायचं, तिची फी त्यांनीच भरली होती. यंत्र यावं. पीठ यावं. प्रश्न वेगळा आहे. पीठ आल्यावर दुसऱ्या माणसाची गरज उरत नाही, आणि गरज नसेल तर दुसरं माणूस येत नाही. आंटींच्या कपाटात पिठाचे चार खोके होते, तारीख उलटून गेलेले. त्यांना फुफू नको होता असं नाही. एकटीने पातेल्यात घोटून एकटीनेच खायचा, त्यापेक्षा भात बरा, असं त्यांचं म्हणणं.

मी परत यायच्या आधी समोरच्या सुताराकडच्या शिकाऊ मुलाशी बोलले. आंटींनी मग त्याच्याशी रीतसर करार केला: रविवारी वीस मिनिटं कुटायचं, बदल्यात मटणासकट एक वाडगा, आणि वर इंग्रजीचं व्याकरण. शिक्षिका शेवटी. तो मुलगा आता स्वतः सुतारकाम करतो आणि तरीही येतो. फोनवर माझा पहिला प्रश्न असतो, कुटायला कोण आलं होतं? २०२० च्या एप्रिलमध्ये अक्रात तीन आठवडे टाळेबंदी होती, तेव्हा कुणीच आलं नाही. तीन आठवडे भात. त्यांना विषाणूपेक्षा त्याचाच राग जास्त होता.

हे मी आज इथे का सांगतेय, याचं कारण समोरच्या तिसऱ्या रांगेत बसलंय. माझी आई. बाबा गेल्यापासून ती याच गावात एकटी राहते. पुण्याला यायला तयार नाही आणि मी तिला ओढत नेणार नाही, तिचं सगळं इथे आहे. आंटींचं ते वाक्य ऐकल्यानंतर मी आईला फोनवर नेहमीचं 'जेवलीस का' विचारायचं बंद केलं. त्याचं उत्तर 'हो' असतं. मी विचारते, काय केलं होतंस. मग कळायला लागलं. सकाळची पोळी, दूध, कधी वरणभात. एकटीला काय लागतं? पुरण बंद. कुरडया बंद, कारण गव्हाचा चीक घोटताना पातेलं धरायला कुणी नाही. कोथिंबीरवडीसुद्धा बंद, आणि ती तर एकटीला जमते. तुमच्या घरी विचारून बघा. जे इथे नाहीत, जे मस्कतला, न्यू जर्सीला, हिंजवडीला आहेत, त्यांनी तर नक्की विचारा, आणि 'काय केलं होतंस' असंच विचारा.

आपल्या वर्गातल्या दोघी, ज्या गावातच राहिल्या, त्यांना मी हे दोन वर्षांपूर्वी सांगितलं. नावं घेतली तर त्या स्टेजवर येऊन मला मारतील. तेव्हापासून महिन्याच्या एखाद्या रविवारी त्या आईकडे जातात आणि दोन माणसांचा एखादा पदार्थ करतात. मदत म्हणून जात नाहीत, तसं कळलं तर आई दार उघडणार नाही. शिकायला जातात. आईच्या हाताखाली, शिव्या खात. मागच्या उन्हाळ्यात कुरडया झाल्या, अर्ध्या मला पुण्याला आल्या.

काल रात्री आम्ही चौघींनी आईच्या स्वयंपाकघरात फुफू केला. कसावा पुण्यातल्या केरळी दुकानातून आणला, ते लोक त्याला कप्पा म्हणतात. केळी केरळची नेंद्रन, ती खरीखुरी प्लँटेनच. आईचं उखळ अरुंद आहे, त्यात हात घालून उलटता येईना, म्हणून दुसऱ्या रीतीने केला. कच्चा कसावा आणि केळं पाणी घालून मिक्सरमध्ये वाटायचं, मग पातेल्यात मंद आचेवर लाकडी उलथन्याने सतत घोटायचं. आधी पांढरं दिसतं, मग पारदर्शक व्हायला लागतं आणि इतकं घट्ट होतं की पातेलं फिरायला लागतं. तेव्हा एकीने पातेलं चिमट्यांनी धरायचं आणि दुसरीने घोटायचं. आईने दहा मिनिटं बघितलं, मग माझ्या हातातून उलथनं काढून घेतलं. म्हणाली, उकड घोटायची अशी नसते.

आतल्या टेबलावर आपल्या नेहमीच्या जेवणाच्या शेजारी छोटे वाडगे ठेवलेत. एकेक लिंबाएवढा गोळा आहे, साठ जणांना पुरवायचं म्हणजे तेवढाच. उजव्या हाताने तोडा, बुडवा, गिळा. चावू नका, आणि चावलात तरी फोटो काढून टाकू नका. बाई, तुमच्यासाठी कमी तिखटाचा वेगळा काढलाय, तो आईजवळ आहे. एका पातेल्यात चिकन आहे आणि दुसऱ्यात मशरूम नि वांगी, ते पूर्ण शाकाहारी. शाकाहारी पातेल्याच्या कानाला हिरवं फडकं बांधलंय, चिकनच्या पातेल्याला लाल. डाव एकमेकांत घालू नका, एवढी विनंती.